सिस्टरबाईंचा पगार

"पगार विचारा नं! लाजता काहून?"

नवा माणूस भेटला की सिस्टरबाईंचं हे ठरलेलं वाक्य. म्हणता म्हणता त्यांचं बोट छातीवरच्या बिल्ल्यावर जायचं. "आपण रजिस्टर नर्स आहो म्हटलं." आणि मग पगाराचा आकडा, भत्त्यासकट, खणखणीत आवाजात. तुम्ही-आम्ही पगार कसा सांगतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. कित्येक घरांत तो बायकोलाही पुरता कळत नाही. ह्या बाई तो भाजीवालीला सांगायच्या.

मी तेव्हा अकोल्याला नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होते. आमचे हे कापसाच्या जिनिंग कारखान्यात कारकून. जठारपेठेत आम्ही भाड्यानं राहत होतो आणि मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. सरकारी दवाखान्यात नव्यानंच लागलेल्या सिस्टरबाई एका सकाळी त्या बघायला आल्या. घरमालकांनी ओसरीवरूनच विचारलं, "कोणत्या समाजाच्या तुम्ही?"

"बौद्ध. गेल्या साली दीक्षा घेतली. अन् रजिस्टर नर्स. पगार विचारा नं, लाजता काहून?"

आकडा ऐकून घरमालक खांबाला टेकले. आमच्या ह्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. माझ्या पगाराच्या दुपटीहून तो जास्त होता. थोडा वेळ तंबाखू-चुना हातावर मळल्यावर घरमालक म्हणाले, "पाहून घ्या खोल्या."

खोल्या मिळाल्या, पण सामाईक नळावर त्यांची बादली शेवटीच लावायची असा घरमालकीणबाईंचा नियम निघाला. सिस्टरबाई भांडल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या खर्चानं मागच्या बाजूला वेगळा नळ घेतला. उन्हाळा आला. अकोल्याचा उन्हाळा! पुढचा नळ नुसता फुसफुसू लागला आणि मागचा, उतारावर होता म्हणून, धो धो वाहायचा. घरमालकीणबाई कळशी घेऊन दोन दिवस लांबूनच बघत होत्या. तिसऱ्या दिवशी सिस्टरबाईंनी हाक मारली, "भरा नं वयनी, पाणी काही रजिस्टर नाही." त्या उन्हाळ्यात सगळ्या आळीनं तिथंच पाणी भरलं.

पैसा त्या कमवायच्या तसा मोकळ्या हातानं खर्चही करायच्या. आळीतला पहिला रेडिओ त्यांचा. सुट्टीच्या दिवशी नायलॉनचं पातळ नेसून आम्हा बायकांना सिनेमाला न्यायच्या आणि मध्यंतरात सगळ्यांना भजी.

एकदा अमरावतीहून पाहुणे त्यांना बघायला आले. मुलगा कारकून, बाप तोंडाळ. बाप म्हणाला, "पगार सासूच्या हाती द्या लागंल."

"अन् पोराचा?"

"तो त्याच्यापाशी राह्यते."

"मंग पोराले इथंच ठेवून जा. मी पोसते त्याले."

पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. मुलगा मात्र जाताना दोनदा मागं वळून बघत होता, असं आमचे हे अजून सांगतात.

अशा बाईंना गप्प बसलेलं मी एकदाच पाहिलं, ते त्यांच्या आईपायी. म्हातारी रिद्धपूरकडच्या एका खेड्यात दुसऱ्याच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जायची. लेकीनं तिला हट्टानं अकोल्याला आणलं. म्हातारीला रिकामं बसवेना. आठवडाभरात ती आळीत कुणाकुणाचे गहू पाखडून द्यायला लागली. लेकीनं घेतलेलं लुगडं घडीसुद्धा न मोडता तिनं खुंटीवर टांगलं होतं.

एका दुपारी ती माझ्या दाराशी येऊन बसली. "मास्तरीणबाई, तुमी शिकलेल्या. खरं सांगा. माह्या पोरीले सरकार एवढे पैसे काहून देते?"

"कामाचे देतं, आजी."

"कामाचे एवढे भेटत असते तं आमी नसते कमावले? जलमभर कामच केलं नं!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "गावात लोकं काईबाई बोलतेत. रातची डूटी म्हणतेत. परक्या माणसाइले हात लावा लागते म्हणतेत."

मी समजावलं, पण तिनं गाठोडं बांधलं. संध्याकाळी सिस्टरबाई माझ्या पायरीवर येऊन बसल्या. टोपी मांडीवर, नजर जमिनीकडे. "बाई, साऱ्या अकोल्याले पगार सांगते मी. एक माय आयकत नाही."

मग त्या उठल्या आणि घरात जाऊन आईला म्हणाल्या, "गावाले जाशीन तं जाय. पण उद्या एक दिवस माह्यासंग चाल."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. म्हातारीला सोबत म्हणून मीही गेले. सिस्टरबाईंनी आम्हाला वॉर्डाच्या टोकाच्या बाकावर बसवलं आणि त्या आम्हाला विसरूनच गेल्या.

जिनिंगच्या आगीत भाजलेला एक माणूस होता. त्याची चिकटलेली पट्टी त्या पाण्यानं भिजवून तसूतसूनं सोडवत होत्या. तो कळवळून आईबहिणीवरून शिव्या देत होता. "ही तं मले येते," त्या म्हणाल्या, "नवीन असंन तं सांग." पलीकडच्या खाटेवर एक शेतकरी आजोबा. सिस्टरचं गाव, घराणं विचारून झाल्यावर म्हणाले, "तुह्या हातचं काही घेत नसतो मी." बाईंनी त्यांच्या तोंडात थर्मामीटर ठेवलं. "आता बोलू नका, फुटंल." आजोबा डोळे वटारून गप्प बसले, आणि बाई निवांत त्यांची नाडी बघत राहिल्या.

दुपारी कोपऱ्यातली एक म्हातारी गेली. तिचं कोणीच नव्हतं. सिस्टरबाईंनी तिचे डोळे मिटले, अंग पुसलं, केस नीट केले आणि पदर डोक्यावरून घेऊन दिला. मग हात धुतले, उभ्यानंच पाणी प्यायल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. माझ्या शेजारी बसलेल्या आजीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

आम्ही घरी आलो. लेकीनं बूट काढले. पाय टम्म सुजलेले. आजीनं चूल पेटवली, पाणी ऊन केलं, घमेल्यात ओतून तिचे पाय त्यात ठेवले आणि चोळत बसली. मग एकदम मान वर करून म्हणाली, "एवढं करून एवढाच पगार?"

सिस्टरबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी हळूच माझ्या खोलीत निघून आले.

गाठोडं सुटलं. म्हातारी नवं लुगडं नेसून आळीभर तक्रार करत हिंडू लागली, "सरकार लुटून राहिलं माह्या पोरीले!"

पुढं धारणीच्या दवाखान्यासाठी नर्स हवी होती. मेळघाटातलं जंगल, रस्ते नावालाच. कोणी तयार होईना. सिस्टरबाईंनी होकार दिला. "भत्ता भेटते नं वरून," त्या सगळ्यांना सांगायच्या. माझा त्यावर अर्धाच विश्वास बसला. मायलेकी रेडिओ मांडीवर घेऊन एस.टी.त बसल्या.

काही वर्षांनी शिक्षकांच्या शिबिरासाठी मी धारणीला गेले. त्यांची खोली शोधून काढली. आजी थकली होती, पण चहा तिनंच केला. लेक जीप घेऊन आतल्या कुठल्याशा गावात गेली होती. मी वाट पाहिली, परतीची एस.टी. एकच होती, शेवटी निघाले.

घाटाच्या अरुंद रस्त्यावर आमची गाडी थांबली. समोरून जीप आली होती. दोघांपैकी एकाला गाडी मागं घ्यावी लागणार, म्हणून ड्रायव्हर एकमेकांवर ओरडत होते. जीपमध्ये मागं सिस्टरबाई! पांढरे कपडे धुळीनं तांबडे झालेले, आणि मांडीवर एका आजारी कोरकू आदिवासी बाईचं डोकं. त्यांनी मला पाहिलं. उठायला गेल्या, पण मांडीवरचं डोकं हलेल म्हणून तशाच बसल्या. हात उंच करून काहीतरी ओरडल्या. मीही ओरडले. इंजिनांच्या घरघरीत दोघींनाही काही ऐकू आलं नाही.

आमची गाडी मागं सरली, जीप शेजारून पुढं गेली. मी मागच्या काचेकडे धावले. धूळ खाली बसली तेव्हा रस्ता रिकामा होता.