रुमालाखालचा लॅपटॉप

धाऊमामाने लॅपटॉप काचेवर उताणा केला, खालच्या जाळीला नाक लावलं आणि हुंगलं.

"काका, अहो नवीन आहे तो," काउंटरमागचा सुयोग म्हणाला. "वास कसला घेताय?"

"नवा का जुना ते मी बघतो ना. तू गप उभा रा."

मामाने झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं. बिजागरी कुरकुरते का ते कान लावून ऐकलं. मग एका हातावर घेऊन वजन तोललं. शेजारी त्याची पोरगी समीक्षा उभी होती, भिंतीसारखी. डोळ्यात काय नाय, ओठावर काय नाय. घरून निघतानाच मामाने तिला दम भरला होता, "दुकानात तोंड उघडायचं नाय गो. आणि आवडलं तर अजिबात हसायचं नाय."

मामा म्हसा गावाच्या बाजारात बैलांचा दलाल. मिसरूड फुटल्यापासून तेच करतोय. तिकडे भाव तोंडाने कोणी बोलत नाय. हातावर रुमाल टाकायचा, खाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची. शेजारचा माणूस बघत राहतो आणि त्याला घंटा कळत नाय. या धंद्यात मामाला दोन गोष्टी अजिबात चालत नायत. एक, खिशात किती आहेत ते सांगणं. दुसरी, जनावर आवडलंय ते तोंडावर दिसू देणं. घेणाऱ्याच्या बायकोपोरांना तो जनावराजवळ येऊच देत नाय. त्यांचा जीव जडला की समोरच्या दलालाला लगेच दिसतो, मामा म्हणतो, आणि मग भाव चढतो.

आता असला माणूस गेमिंग लॅपटॉप घ्यायला मुरबाडच्या दुकानात कशाला? तर समीक्षासाठी. ती कल्याणला ॲनिमेशन शिकली. एका कंपनीने तिची परीक्षा ठेवली होती: सोमवारपर्यंत वाहत्या पाण्याची छोटी फिल्म करून पाठव, पास झालीस तर घरी बसून काम. तिने धरणाच्या भिंतीवरून सांडणारं पाणी करायला घेतलं. पण जुना लॅपटॉप पाणी सांडायच्या आधीच जीव सोडायचा. क्लासचे सर म्हणाले, याला गेमिंगचाच पायजे. घरात ऐंशी हजार ठरले. त्याच्यावर एक रुपाया नाय.

त्या 'गेमिंग' शब्दाने सगळा घोळ केला. शेजारची मंगळीकाकी तर ओट्यावरूनच ओरडली, "ऐंशी हजार गेम खेळायला? त्यापेक्षा पोरीला पत्त्यांचा कॅट आणून दे रे!" मामा तिच्या अंगावर धावून गेला, पण खरं सांगायचं तर त्यालाही कळलं नव्हतं.

"काम करायचंय तर नाव गेमचं का?" त्याने समीक्षाला विचारलं.

"बाबा, ताकद जास्त असते त्यात. समजा शर्यतीचा बैल आहे. तो नांगराला पण चालेलच ना?"

"नाय चालत. फाळ मोडून ठेवील."

तिथंच बोलणं संपलं.

मुरबाडला येताना जीपमध्ये दोघांचं ठरलं. दुकानात मामाच्या हातावर रुमाल असंल. लॅपटॉप नको असंल तर समीक्षाने रुमालाखाली त्याचं एक बोट दाबायचं. पसंत असंल तर अख्खा पंजा धरायचा. बाकी सगळं मामा बघून घेईल.

आणि दुकानात पाय टाकल्या टाकल्या सुयोगने विचारलं, "बजेट किती काका?"

मामा चपापला. एवढ्या वर्षांत कोणी असं उघड्यावर विचारलं नव्हतं. "पन्नास," तो म्हणाला.

म्हणून सुयोगने पन्नासचा काढला. पांढरट, पातळ. मामाने हुंगलेला तो हाच. मामाने मनात त्याचं नाव ढवळ्या ठेवलं. रुमालाखाली एक बोट दाबलं गेलं.

"दुसरा दाव."

"पन्नासात हाच बसतो काका."

"मग साठ धर."

"साठ? नक्की किती आहे ते सांगा ना, म्हणजे मला बरं पडेल."

"तुला बरं पडावं म्हणून आलोय काय मी?"

सुयोगने डोकं खाजवलं. "बरं, गेम कुठले खेळणार?"

"गेम नाय खेळत ती."

"मग गेमिंगचा कशाला?"

मामाने समीक्षाकडे बघितलं. आता तिने बोलायला पायजे होतं. पण ती बापाची पोरगी, गप म्हणजे गप. मामाने हातावरचा रुमाल सारखा केला. मग तो म्हणाला, "पाणी काढायचंय तिला."

"पाणी? लॅपटॉपमधून?"

"धरणाचं."

सुयोगने त्याच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि निमूट आत जाऊन, बजेटचा नाद सोडून, आणखी दोन ताकदीचे लॅपटॉप घेऊन आला. एक काळा कुळकुळीत. दुसऱ्याच्या बटणांखाली लाल दिवे पेटत होते. मामासाठी एक काळ्या आणि एक तांबड्या.

"याची खोड काय?" मामाने काळ्यावर हात ठेवला.

"खोड म्हणजे?"

"अरे खोड. मारतो, बसतो, भडकतो. काय तरी असंलच की."

"गरम होतो," सुयोग म्हणाला. "सगळेच होतात. पंखा जोरात वाजतो. आणि चार्जर लावलेला असला तरच पूर्ण ताकद देतो. काढला की निम्मी."

"म्हणजे दाव्याला बांधलेला असंल तरच ओढतो?"

"हो, तसंच म्हणा."

"आणि मोकळा सोडला की मरगळतो?"

"हो."

"हे तर उलटंच जनावर आहे," मामा म्हणाला. आता तो खरंच घाबरला होता. आतापर्यंत त्याला वाटत होतं, घेणं म्हणजे घेणं, बैल काय नि मशीन काय. "आणि या दोघांत फरक काय?"

"चित्रं पळवणारं कार्ड दोन्हीत तेच. काळ्यात त्याला वॅट, म्हणजे वीज, कमी मिळते, लालमध्ये जास्त."

"कार्ड तेच ना?"

"तेच."

"नाव तेच?"

"नाव तेच, नंबर तोच. पण लालचं पळतं जास्त."

"एकाच नावाचे दोन, आणि एक पळतो नि एक नाय पळत. मग नाव कशाला बघायचं?"

"बघायचं पण, आणि नाय पण," सुयोग म्हणाला. बहुतेक तोपण गोंधळला होता.

मामाने डोळे मिटले. दातावरून वय कळतं, खुरावरून चाल कळते. इथं दातही नाय, खूरही नाय. आता फक्त पोरीचा हात. त्याने काळ्याकडे मान केली. रुमालाखाली तिची बोटं हलली, त्याच्या तळव्याला लागली. पण तेवढ्यात सुयोगने तांबड्या पुढे सरकवला, स्क्रीनवर रंग नाचायला लागले, आणि तिची बोटं थांबली.

"लालची किंमत?" मामाने विचारलं.

"एक लाख चार हजार."

आणि समीक्षाने मामाचा अख्खा पंजा धरला. असा गच्च धरला की अंगठी रुतली. तोंडावर मात्र रेघ हलली नाय.

बस. मामाचं ठरलं. एवढ्या वर्षांत त्याने कितीतरी पंजे धरले, पण असली पसंती बघितली नव्हती. पैसे ऐंशी. मशीन लाखावर. आणि पोरगी हात सोडत नव्हती.

मामाने तिचा हात अलगद काढला आणि रुमाल सुयोगच्या हातावर टाकला.

"काका! काय करताय?" सुयोग मागे उडाला. "शेठ! ओ शेठ!"

आतून दुकानाचा मालक कमळाकरशेठ आला. मूळ धसई गावचा, घरी अजून शेती. त्याने रुमाल बघितला, मामाचं तोंड बघितलं, आणि हसला. "बाजूला हो रे," सुयोगला म्हणाला. "आपल्याकडे फिक्स रेट असतो दादा, पण बसा."

त्याने स्वतःचा हात रुमालाखाली सरकवला. दोघांची बोटं हलली. कमळाकरशेठने नाय म्हणून मान हलवली. मामाने परत धरलं. शेठने वर छताकडे बघितलं. सुयोग तोंड उघडं टाकून बघत होता. शेवटी शेठने हात काढला आणि म्हणाला, "बॅग आणि माऊस पण दे रे यांना."

किती ठरलं ते त्या दोघांनाच माहीत. गावाला एवढंच कळलं की त्या थंडीत म्हशाच्या जत्रेत मामाने कमळाकरशेठला जोडी निवडून दिली, दोन दिवस त्याच्यासाठी बाजार तुडवला, आणि दलालीचा एक पैसा घेतला नाय.

जीपमध्ये खोकं मांडीवर घेऊन समीक्षा रडली. मामाला वाटलं, आनंदाने. "आता रड," तो म्हणाला. "आता सौदा झाला. आता काय करायचं ते कर."

तिने पाणी केलं. तांबड्याला दाव्याला बांधून, म्हणजे चार्जर लावून, भिंतीवरून असं सांडवलं की मंगळीकाकीने बघून पदर आवरला. सोमवारी पाठवलं. काम मिळालं. आता ओट्याच्या आतल्या खोलीत तिचं टेबल आहे, पंखा घरघरतो, आणि मामा बाजारात सगळ्यांना सांगतो, "आमच्या समीची नजर बघा. तीन जनावरं समोर होती. एकाला बरोबर पंजा घातला." कोणी हसलं तर मामाच्या आधी आमी भाचरंच अंगावर जातो.

या दिवाळीला फराळ खाताना विषय निघाला. मामा बाहेर गेला होता. समीक्षा हळूच म्हणाली, तिला काळ्याच पसंत होता. चिठ्ठीवरची किंमत ऐंशीच्या आत होती आणि तेवढं पाणी त्याने आरामात ओढलं असतं. तांबड्याला तिने पंजा घातलाच नव्हता. लाखाचा आकडा ऐकून ती घाबरली, म्हणून तिने बापाचा हात धरला होता.