यांच्या ओळी आणि माझे हात

आमचे हे तेलुगू. कविता तेलुगूत लिहितात, संस्कृत काव्यं तेलुगूत आणतात. चिखलीच्या कॉलेजात संस्कृत शिकवून निवृत्त झाले, तरी अमडापुरातच राहिले. इथे यांची ओळ समजणारं एकही माणूस नाही. माझं माहेर सोनाळ्याचं. इतक्या वर्षांत मला स्वयंपाकघरापुरती तेलुगू आली. कवितेतलं ओ का ठो कळत नाही.

तरी यांची पहिली श्रोती मीच. सकाळी मी ओसरीवर भाजी निवडायला बसले की हे अंगणात येरझारा घालत नव्या ओळी मोठ्यानं म्हणतात. नजर माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे! माझा बाप भजनात पखवाज वाजवायचा, म्हणून ताल चुकला की माझा हात आपोआप अडतो, हा यांनी लग्नानंतर लावलेला शोध. हात चालत राहिला तर ओळ वहीत, अडला तर काट. अहो, भाजीत अळी दिसली तरी हात थांबतो, असं मी कितीदा सांगितलं. पण ऐकतील तर ते हे कसले.

गेल्या वर्षी एका मोठ्या संस्कृत काव्याचा शेवटचा सर्ग तेवढा तेलुगूत आणायचा राहिला होता. अर्धं आयुष्य त्या कामात गेलेलं, आणि नेमकं तेव्हाच बिनसलं. हे पुटपुटायला लागले. नीट ऐकावं म्हणून मी कान द्यायची, तर हात थांबायचा. हात थांबला की यांची पेन्सिल ओळीवर फिरायची. काय पुटपुटून राह्यले, जोरात म्हणा की, म्हणून मी करवादायची. हे आणखी गोंधळायचे. जेवणात लक्ष नाही, दुपारी डोळ्याला डोळा नाही, उन्हातान्हात अंगणात फेऱ्या. मलाही चैन पडेना. फळीवरचे डबे काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. एक दिवस यांनी सगळे कागद कापडात बांधून कपाटात टाकले. छंदाची जाण गेली माझी, आता पुरे, म्हणाले. हे काम सुटलं तर हा माणूस सकाळी उठेल कशासाठी?

त्याच आठवड्यात समोरच्या शिवणकाम करणाऱ्या भाभी धावत घरात आल्या. आमचा कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता, रस्त्यापर्यंत ऐकू जात होता, आणि मी शेजारीच निवांत मेथी निवडत बसलेली! भाभींनी गॅस बंद केला, माझ्या पाठीमागे उभ्या राहून दोन-तीन हाका मारल्या आणि तेवढ्यात बाहेरून आलेल्या यांना म्हणाल्या, आधी बाईंचे कान दाखवून आणा. म्हणजे हे पुटपुटत नव्हतेच. मीच बहिरी होत चालले होते. हसावं की रडावं कळेना. यांनी जाऊन कपाट उघडलं.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी कानाला मशीन दिलं. ते खुपसून मी सकाळी अंबाडी घेऊन ओसरीवर बसले. पाखरांचा कलकलाट नको नको झाला. यांनी घसा खाकरला आणि पुन्हा लिहिलेली पहिली ओळ म्हटली. ती अर्ध्यावर आली नाही तोच माझा हात थांबला. यांचा चेहरा पडला. पेन्सिल वहीकडे गेली.

"काटू नका," मी म्हटलं. "ओळ चांगली हाय."

"मग हात का थांबला?"

ताल बरोबर होता. पण आवाज कापरा, मध्येच फाटणारा, धाप लागलेला. माझ्या कानात होता तो अंगण भरून टाकणारा आवाज. तो कधी गेला, मला पत्ताच नाही.

"तुमचा आवाज म्हातारा झाला हो. मले आज समजलं."

हे पेन्सिल ठेवून माझ्याजवळ ओसरीवर येऊन बसले.

"तुझाही झाला," म्हणाले. "मी रोज ऐकतो."