तिसरं माप

"उतर खाली," सर म्हणाले.

शाळेच्या मागे, मुतारीच्या भिंतीला लागून शोषखड्डा खणून ठेवला होता. त्यात अजून दगड-विटा भरायच्या होत्या. मी सातवीत. सरांनी अख्खा वर्ग खड्ड्याभोवती गोल उभा केला आणि मला उतरायला लावलं. उतरले म्हणजे काठाला लोंबकळून उडी टाकली. तळाशी ओल होती. वर बघितलं तर सगळ्यांच्या चपला दिसल्या आणि त्यांच्यावर हसणारी तोंडं.

तो खड्डा माझ्या बापाने आणि मायने खणला होता. हे सगळ्या पोरांना माहीत होतं. सरांनाही.

माझा गुन्हा असा. फळ्यावर टाकीचं गणित होतं. लांबी तीन मीटर, रुंदी दोन मीटर, उंची दोनशे सेंटिमीटर. घनफळ काढा. मी लिहिलं, तीन गुणिले दोन, सहा. उंची घेतलीच नाही. चुका इतरांच्याही झाल्या होत्या. एकीने बारा बरोबर काढले आणि पुढे चौरस मीटर लिहिलं. सरपंचांच्या पुतण्याने मीटर आणि सेंटिमीटर तसेच गुणून टाकले आणि बाराशे काढले. घराच्या टाकीत त्याने गावाची पाणीपुरवठा योजना बसवली होती. त्याच्या पाठीवर हात ठेवून सर म्हणाले, "घाई केलीस बाळा. आधी एकक सारखं करायचं."

माझी वही बघून म्हणाले, "तुला खोली कळत नाही? तुझा बाप तर जन्मभर खड्डेच खणतोय."

त्याची घाई. माझी जात.

मी खड्ड्यात उतरल्यावर सरांनी वरून टेप फेकला. "मोज. लांबी, रुंदी आणि तुझ्या घरी कळत नाही ती खोली." मी मोजलं. टेप दोनदा सुटला, प्रत्येक वेळी वर हशा. खोली माझ्या डोक्याच्या वर जात होती. मग सर काठावर वाकले. "वर यायचं ना? मग मोठ्याने म्हण, आमच्याकडे डोकं नसतं, हात असतात."

मी म्हटलं नाही. धीट होते म्हणून नाही; मी नुसती टेप गुंडाळत राहिले. सर म्हणाले, "बस मग. उद्या सकाळी वर्गासमोर म्हणायचं, नाहीतर शिष्यवृत्तीच्या वर्गात पाय ठेवायचा नाही." घंटा झाली, पोरं खिचडीला पळाली. बापाने भिंती सरळ, गुळगुळीत तासल्या होत्या. त्याच्या कामात खोट नसायची. मी पाय रोवायला बघायची, माती निसटायची. त्या भिंतींचा मला फार राग आला. शेवटी खिचडी शिजवणाऱ्या मावशीने स्टूल खाली सोडलं. "ये वं माय, पाय ठेव," एवढंच म्हणाली आणि इकडेतिकडे बघत निघून गेली.

आमचं घर गावाबाहेर, विहाराच्या मागे. धरणगाव जवळ, तरी आमच्याकडे यायला रस्ता नव्हता. संध्याकाळी बापाला सगळं सांगितलं. त्याने गणितच पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "तुनं काय चुकनं? खोली तं फूटभरच राहस. ती कोण बोलस?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. आमच्याकडे खोदाई ब्रासवर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल माती काढली की एक ब्रास. मुकादम टेप उभा लावतो, आडवा लावतो, "दहा बाय दहा" म्हणतो आणि पुढे जातो. खोली ठरलेली, म्हणून ती कुणी बोलत नाही. एकाने गुणून आकडा बदलत नाही. मी घरातलं मोजमाप शाळेत नेलं होतं. तिथे उंची एक नव्हती, म्हणून उत्तर चुकलं. चूक माझीच. पण तिला कारण होतं, आणि ते कुणी विचारलं नाही.

माय म्हणाली, "म्हनी टाक ना वं. तोंड थोडंच झिजस?" तिचं चूक नव्हतं. शाळेच्या कंपाउंडच्या पायाचं काम निघणार होतं आणि ते कुणाला द्यायचं हे शाळेच्या बांधकामाचा कारभार बघणाऱ्या सरांच्या घरात ठरायचं. मी बापाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. आमच्या घरातसुद्धा मला पाय रोवायला जागा नव्हती.

सकाळी सर म्हणाले, "म्हण."

"नाही म्हणणार."

एवढंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला शिष्यवृत्तीच्या वर्गातून उठवलं, त्या वर्षी परीक्षा हुकली. पायाचं काम दुसऱ्याला गेलं. बाप मला त्यावरून कधी एक शब्द बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

आज मी शिरपूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घनफळाला पोरं अजून त्याच जागी अडखळतात. मी सांगते, तिन्ही मापं लिहा, एखादं एक असलं तरी लिहा. गुणण्याआधी एकक सारखं करा. उत्तरापुढे घन लावा. पाणी टाकीत किती मावतं ते हवं असेल तर भिंतीच्या आतून मोजा. पण त्याआधी विचारते, "हे तू कसं काढलंस?"

परवा धुळ्याला प्रशिक्षण होतं. तज्ज्ञ म्हणून आलेले सर हसत म्हणाले, "डोंगराकडच्या मुलांना तिसरी मिती कळत नाही. यांच्याकडून लांबी-रुंदी करून घेतली तरी पुष्कळ." सगळे लिहून घेत होते. दार बंद, मागच्या रांगेत शिक्षण खात्याचे साहेब. पायाखाली तीच ओल लागली.

मी उभी राहिले. "सर, त्या मुलांना विचारलं का, कसं काढलं?"

"मॅडम, वेळ कमी आहे. बसा."

मी बसले नाही. बसणार नाही. उत्तर चुकलं तर उत्तरावर बोला. पोराच्या बापाच्या कामावर, वस्तीवर, जातीवर गेलात तर मी मध्ये बोलणार. बैठकीत बोलणार, साहेबांसमोर बोलणार. बदली करायची तर करा. ते वाक्य मी खड्ड्यात उभी राहून म्हटलं नाही. माझ्या वर्गातल्या एकाही पोराला ते म्हणू देणार नाही.