मायनं मागितलेली माफी

"तारा, आधी माझी माफी माग. मग टेबलाला ये."

भरल्या चर्चमध्ये बाई असं म्हणाल्या. तारा म्हणजे माझी माय, बाईंकडं कामाला. महिन्याचा पहिला रविवार होता, प्रभुभोजनाचा. येशूच्या आठवणीत सगळ्यांनी टेबलाशी जाऊन भाकर खायची, प्याल्यातला रस प्यायचा. त्याआधी आमच्याकडं एक रीत आहे. पाळकसाहेब विचारतात, कुणाचं कुणाशी बिनसलंय का? असेल तर आधी मिटवा, मगच प्याल्याला हात लावा. माणसं उठतात, हात मिळवतात. त्या दिवशी बाई उठल्या.

माय माझ्या शेजारून उठली. पदर डोक्यावर घेतला. हात जोडले. "चुकलं बाई माजं. पुन्यांदा न्हाई व्हनार."

काय चुकलं होतं? माय बाईंच्या घरी धुणीभांडी करायची. प्रभुभोजनाचा रसही तीच करायची. मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. अख्खं चर्च तिच्या हातचं प्यायचं. पण तिचा चहापाण्याचा कप वेगळा. दांडी तुटलेला, मोरीच्या खिडकीत पालथा घातलेला. त्या शनिवारी मनुका कुस्करताना तिला भोवळ आली. समोर माठावर घरातला पेला होता, तोच बुडवून ती पाणी प्याली. बाईंनी पाहिलं. पेला उकिरड्यावर गेला.

आमचं मूळ राणीसावरगावकडचं, मांगवाड्यातलं. बाईंचे आजोबा वरच्या आळीतले. बाप्तिस्मा दोन्ही घरांचा झालेला. त्या पाण्यानं जात धुतली गेली म्हणतात. धुतली असेल. बाईंच्या घरात ती मोरीपर्यंतच वाहत गेली.

आणि त्या दिवशीचा उपदेश कशावर होता? न्यायाच्या दिवसावर! त्या दिवशी देव माणसं निवडणार, भली मेंढरं उजवीकडं, बुरी शेरडं डावीकडं. तहानलेल्याला पाणी पाजलं का, असं तिथं विचारतील, पाळकसाहेब म्हणाले. बाईंनी रुमालानं डोळे टिपले होते. त्यानंतर अर्ध्या तासात त्या उठल्या.

मी बावीस वर्षांची होते. डी.एड. झालेली. तोंडात जीभ होती. पण बाईंचे मालक चर्चच्या कमिटीत, आणि आवारातली आमची खोली त्यांच्या शब्दावर मिळालेली. मी फरशीकडं बघत बसले. मग मायच्या मागं रांगेत गेले आणि प्यायले. रस गोड लागला. त्याची मला आजही शरम वाटते.

गेल्या उन्हाळ्यात माय गेली. सरकारी दवाखान्यात, भर दुपारी. कावीळ झाली होती. दम लागत होता, तरी मला जवळ ओढून विचारू लागली, "न्यायाच्या दिशी त्या पेल्याचं काडतील का गं? म्या माफी मागितली व्हती ना? तू बी आयकलं ना?"

"माय, तुजं कायबी चुकलं न्हवतं."

ती ऐकेना. पुन्हा तेच, पुन्हा तेच. बाईंना कसली भीती नव्हती. भीती माझ्या मायला. देवाच्या दारातली भीतीसुद्धा आमच्याच वाट्याला आली. मी तिचा हात धरून बसले, दुसरं काय करणार होते? माय घाबरलेलीच गेली.

तिला मातीत ठेवल्यानंतर आलेल्या प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेबांनी तोच प्रश्न विचारला. मी उठले.

"माजं बाईंशी वैर हाय. पाणी पिली म्हनून त्यांनी मायला माफी मागायला लावली. आता त्यांनी तिच्या कबरीवर येऊन माफी मागावी."

बाई गीतांच्या पुस्तकात बघत राहिल्या.

"पोरी, हे आपण नंतर बोलू," पाळकसाहेब म्हणाले, आणि त्यांनी भाकर मोडली. माणसं माझ्या गुडघ्यांना घासून टेबलाकडं गेली.

ते 'नंतर' अजून आलेलं नाही. बाई कबरीवर आल्या नाहीत. मला खोली सोडायला सांगितलंय. मनुका आता बाईंची नवी कामवाली गाळते. मोरीच्या खिडकीत तोच कप आहे, ती सांगते.

मी दर पहिल्या रविवारी जाते. पुढच्या बाकावर बसते. प्रश्न आला की उठते, तेच बोलते. प्याला घेत नाही. न्यायाच्या दिवशी मलाही विचारतील, तुझी माय हात जोडून उभी होती तेव्हा तू काय करत होतीस? खरं तेच सांगावं लागेल. मी गप्प होते, आणि वर रस प्यायले. ते आता बदलता येत नाही. पण गप्प होते हे उत्तर मी त्या एका दिवसाचंच देणार, दुसऱ्या कुठल्या दिवसाचं नाही.

येत्या पहिल्या रविवारीही उठणार आहे.