बंद सेटवरचा ओळखीचा हात

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. पण ही सांगायची तर दाराची गोष्टही सांगावी लागते...

मी परभणीचा, गौतम पालमचा. नौदलात आम्ही एकाच जहाजावर रेडिओ ऑपरेटर. मोर्स ठोकताना प्रत्येकाचा हात वेगळा असतो, आवाजासारखा ओळखू येतो. गौतम शेवटचा ठोका जरा रेंगाळत सोडायचा.

निवृत्त होऊन दोघं आपापल्या गावी आलो आणि नामांतराची दंगल पेटली, दलित वस्त्या जळू लागल्या. एका संध्याकाळी माझ्या परभणीच्या घराच्या दारावर मोर्समध्ये थाप पडली – त्याचीच. बायको-पोरांना घेऊन आसऱ्याला आला होता. शेजारी काय म्हणतील, या भीतीनं मी दिवा मालवून गप्प बसलो. ते निघून गेले.

बऱ्याच वर्षांनी आमच्या जहाजाचं म्युझियम झालं. लोकांना सेट दाखवायला मला बोलावलं. भर दुपार, रेडिओ रूममध्ये ही गर्दी! तिथला तरुण अधिकारी हसला, "काका, नुसती बोटं हलवा. एरियल कापलंय, आत व्हॉल्व्हसुद्धा नाहीत."

मी हेडफोन चढवला आणि सवयीनं गौतमची खूण ठोकली.

उत्तर आलं!

तोच रेंगाळणारा ठोका... अहो, काटा आला अंगावर, आणि आनंद असा की खुर्चीत बसवेना! आधी सिग्नल कसा येतोय ते विचारायचं, हा ऑपरेटरचा शिरस्ता. मी विचारलं.

"साफ. बोल," गौतमनं ठोकलं.

आणि मी काय केलं? हेडफोन काढून त्या अधिकाऱ्याच्या कानाला लावला. "ऐका, ऐका! हा आमचा गौतम!"

"काका, काहीच नाही हो..."

परत माझ्या कानाला लावला. शांत.

तडक रेल्वेनं परभणी, तिथून एसटीनं पालम. दारात माणसं बसलेली. गौतम त्याच दुपारी गेला होता.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, खाटंच्या पट्टीवर बोटं वाजवायलते. मधीच थांबले. म्हनले, गप बसा, तो बोलायलाय. अन् तसंच कान देऊन पडून ऱ्हायले..."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"दंगलीत तुमी घरी नव्हता ना? घरी असता तर दार उघडलंच असतं, म्हनायचे. लय इश्वास तुमच्यावर."

मी मान हलवली. "नव्हतो," म्हणालो.

कापलेल्या तारेतून ते कसं आलं, मला आजही सांगता येत नाही. तो "बोल" म्हणाला होता, आणि मला एवढंच ठोकायचं होतं – गौतम, मी घरातच होतो. तुझा हात ओळखला होता. माफ कर.