लांबेर्तचा अंगठा

शर्यतीच्या ट्रॅकशेजारच्या माझ्या कँटीनच्या भिंतीवर अठ्ठावीस फोटो आहेत. चिखलाने माखलेली तोंडं, हातात चषक, शेजारी बियरची बाटली. त्यात लांबेर्तचा एकही नाही. शर्यतीच्या क्वाडवर, म्हणजे चार चाकांच्या मोटारसायकलवर, त्याच्याइतका वेळ आमच्या अख्ख्या लिम्बुर्ग प्रांतात कोणी बसलं नसेल, पण शर्यतीत तो कधी उतरलाच नाही. तो गाड्या तपासायचा. रूलांतच्या कारखान्यातून निघालेली प्रत्येक क्वाड आधी लांबेर्तच्या बुडाखाली यायची आणि मग जिंकणाऱ्याच्या.

तपासणीचा वार मंगळवार. त्या दिवशी ट्रॅकवर चिटपाखरू नसतं. कडेची पाईनची झाडं, मधली वाळू, एक मेकॅनिक आणि गाडीवर एक माणूस. चाळीस फेऱ्या मारायच्या, दर दहा फेऱ्यांनी थांबून मेकॅनिकला दोन वाक्यं सांगायची. "डावा शॉकअप कडक आहे. तिसऱ्या वळणावर मागून उडतेय." टाळ्या नाहीत, झेंडा नाही. शेवटी पांढऱ्या चिकटपट्टीच्या तुकड्यावर निळ्या पेनाने आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढायचं आणि ती टाकीवर चिकटवायची. रविवारी ती पट्टी शर्यतीत उतरणाऱ्याने स्वतःच्या हाताने सोलून हेल्मेटच्या आत लावायची, अशी आमच्याकडची रीत. पट्टी नसली तर कोणी त्या गाडीवर बसायचंच नाही.

फेऱ्या संपल्या की दुपारी एकला तो माझ्याकडे वाटाण्याचं सूप प्यायला यायचा. मंगळवारचं माझं एकुलतं एक गिऱ्हाईक. त्याची आई गेल्यापासून कालव्याकाठच्या घरात तो एकटाच राहतो. मी त्याला डिवचायची, "एवढ्या उड्या मारतोस, एकदा लग्नाची मारून बघायची होतीस."

"लग्नाआधी चाळीस फेऱ्या मारू देत नाहीत, लीव्ह," तो म्हणायचा आणि ब्रेड बुडवायचा. त्याचं आठवड्याभराचं बोलणं बहुधा तेवढंच असावं.

मागच्या मार्चमधल्या एका मंगळवारी मी सूप उकळतं असतानाच वाडग्यात ओतलं. त्याने वाडगा उचलला तेव्हा त्याचा उजवा अंगठा पहिल्या पेरापर्यंत सुपात बुडाला होता. मी ओरडले. तो इकडेतिकडे बघायला लागला, कोणाला काय झालं म्हणून. अंगठ्यावर टरारून फोड आला, तरी गड्याला पत्ता नाही.

आता क्वाडला रेस देतात ती उजव्या अंगठ्याने. मुठीखाली एक खटका असतो, तो दाबला की गाडी पळते, सोडला की थांबते. तो खटका नीट परततो की नाही, हे अंगठ्यालाच कळतं. तीस वर्षं गाडीची थरथर झेलून लांबेर्तचा अंगठा मेला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळखोरी लगेच जाहीर करतात का गं?" तो हसला, पण चेहरा उतरला होता. "दोन वर्षं झाली. मी कानाने भागवतो. इंजिनाचा आवाज उतरला की समजतं, खटका परतला."

"आणि नाही समजलं तर? तुझ्या मालकाला, रूलांतला सांग."

"सांगितलं की संपलं. लीव्ह, मंगळवार गेला तर माझ्याकडे दुसरा वारच नाही. एवढा मोसम जाऊ दे."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सगळा गाव म्हणतो. हा एक भिजला. मी मूग गिळून बसले. त्याची दया आली म्हणून, आणि खरं सांगायचं तर मंगळवारी कँटीनमध्ये एकटीने बसायला मलाही नको होतं.

मे महिन्यात मोसमातली मोठी शर्यत होती. योलीनसाठी नवी क्वाड आली. योलीन म्हणजे गावातल्या बेकरीवाल्यांची मुलगी, एकवीस वर्षांची, वाळूत सगळ्यांत वेगवान. लांबेर्तने मंगळवारी चाळीस फेऱ्या मारल्या आणि पट्टी लावली. रविवारी सकाळी सरावाच्या फेऱ्या मारून योलीन कँटीनमध्ये कॉफी घ्यायला आली. लांबेर्त कोपऱ्यात बसला होता.

"लीव्हमावशी, कडक दे. साखरेच्या दोन खड्यांची." मग अंगठा चोळत म्हणाली, "खटका जरासा अडकल्यासारखा वाटला मला, शेवटच्या दोन फेऱ्यांना."

मी कॉफीचं भांडं खाली ठेवलं. "मग बघायला सांग ना मेकॅनिकला!"

"बघितलं त्याने. उभ्या गाडीवर छान चालतोय. माझाच अंगठा आखडला असेल. लांबेर्तची पट्टी आहे म्हटल्यावर काय बघायचं?" तिने त्याच्याकडे बघून हात हलवला आणि गेली.

मोठ्या उडीच्या तोंडाशी खटका अडकला तर गाडी उलटते आणि माणूस खाली येतो. मनगटाला बांधलेली दोरी पडताना ओढली जाऊन इंजिन बंद करते, माणसाला झेलत नाही. हे मला कळतं, तर त्याला कळत नसेल? मी काउंटरच्या मागून त्याच्याकडे बघितलं. मार्चपासून हे पोटात ठेवल्याबद्दल मला स्वतःचाच संताप आला होता.

तो उठला. कॉफी तशीच ठेवून बाहेर गेला. मी ॲप्रनसकट त्याच्या मागे पळाले.

गाड्या रांगेत लागल्या होत्या. योलीन पट्टी सोलायला वाकलीच होती. लांबेर्तने तिचा हात बाजूला केला आणि पट्टी स्वतःच ओढून काढली.

"अरे, ती माझी आहे!" योलीन म्हणाली.

"नाही. माझ्या अंगठ्याला काही कळत नाही. दोन वर्षं झाली. खटका खोला."

रूलांतचा चेहरा लाल झाला. "दोन वर्षं? आणि हे तू आज सांगतोस मला?"

"हो. आज."

मेकॅनिकने खटका उघडला. आतलं रबर फाटलं होतं आणि चिमूटभर वाळू शिरली होती. दहा-बारा फेऱ्यांनी ती नेमकी फटीत सरकायची; ते केसभर अडकणं अंगठ्यालाच कळलं असतं, कानाला नाही. पंधरा मिनिटांत रबर बदलून झालं. योलीन पट्टीशिवाय बसली आणि दुसरी आली. तिचा फोटो भिंतीवर अठ्ठाविसावा. त्यातही लांबेर्त नाही.

त्याला कोणी शिव्या घातल्या नाहीत. त्यापेक्षा वाईट झालं. कोणी काही बोललंच नाही. दोन वर्षांच्या पट्ट्या कित्येकांच्या हेल्मेटमध्ये होत्या, त्या लोकांनी गुपचूप खरवडून काढल्या. मी केराची बादली रिकामी करते, म्हणून मला माहीत.

आता मंगळवारी दुसराच कोणी फेऱ्या मारतो. लांबेर्त तरीही दुपारी एकला येतो, ट्रॅककडे पाठ करून बसतो. आवाजावरून त्याला सगळं कळत असणार. मी सूप वाढते. तो हात मांडीवर ठेवून वाडग्याकडे बघत राहतो. मग म्हणतो, "लीव्ह, बघ गं, निवलं का?"

मी वाडग्याला हात लावते. "थांब जरा," म्हणते, आणि त्याच्यासमोर बसते.