नरसूतात्यांनी बुडवलेली होडी

ही हकीकत मी आजवर टाळत आलो. घरात जुन्या बोलपटांचा विषय निघाला की मुलं म्हणतात, "अण्णा, तुम्ही कंपनीबरोबर भीमेवर होता ना, सांगा की." मी नटांच्या गमती सांगतो, तंबूतल्या पंगती सांगतो, आणि नरसूतात्यांपाशी आलो की काहीतरी निमित्त काढून उठतो. आता वय झालं. लिहून ठेवलेलं बरं.

बोलपट नुकते सुरू झाले होते. मी सोलापुरात सात रस्त्याजवळ एका वकिलांकडे कारकून होतो. बाहेरगावची एक कंपनी नदीवरचे प्रसंग घ्यायला आली. वकिलांच्या ओळखीने नावा जमवायचं आणि पाण्यात माणसं सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मला स्वतःला पोहता येत नव्हतं. करकंबच्या पुढे, भीमेच्या काठी, नरसू कोळी तर, म्हणजे पैलतीरी नेणारी नाव, चालवत. माणसं, शेरडं, बाजाराची ओझी, सगळं त्यांच्या नावेतून पलीकडे जाई. मी त्यांना कामावर घेतलं. ते पन्नाशीचे, मी चोविशीचा, आणि तरी मी त्यांना 'अरे नरसू' म्हणत असे. तात्या म्हणायला मी फार उशीर केला.

नावेत चढणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, "पवाया येतं का?" कोणी हो म्हटलं तरी पाठीला वाळका भोपळा बांधतच. राजाचं काम करणारे नट एकदा वैतागले. "अरे, राजाच्या पाठीला भोपळा दिसेल!"

"आन राजाच बुडाला तर मग काय दावाल?" तात्या गाठ आवळत म्हणाले.

माणसं चढताना ते मोठ्याने मोजत आणि उतरताना पुन्हा मोजत. वारा फिरला की सरळ हात वर करून काम थांबवत. डायरेक्टर चरफडत आणि माझ्याकडे बघत.

मला संशय येऊ लागला. तात्यांनी एकदा हसत विचारलं होतं, "आमची नाव न्हाय व्हय येत तुमच्या चित्रात? लई देखनी हाय की." तेवढ्यावरून मी ठरवून टाकलं, की या माणसाला आपलीच नाव पुढे करायची आहे, म्हणून हा अडथळे आणतो. तात्या इतर नावाड्यांशी हळू बोलताना दिसले की मी जवळ जाऊन उभा राही. मी आलो म्हणून ते गप्प होत, आणि ते गप्प झाले म्हणून माझा संशय वाढे.

मग कंपनीची खास होडी आली. मोराच्या तोंडाची, सोनेरी रंगाची, सोलापूरच्या सुताराने बांधलेली. चार दिवस बैलगाडीवर, रणरणत्या उन्हातून. तात्यांनी फळ्यांवर बोटाने ठोकलं, कान लावला आणि म्हणाले, "मालक, हिला आदी बुडवाया पायजे."

"वेडा आहेस का?" डायरेक्टर ओरडले. "राणी बसायची आहे तीत!"

"तवाच तर म्हनतोय की."

ते पुढे काही सांगणार होते. मीच त्यांना बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले आणि तात्या पंगतीत दिसेनात. मी काठावर गेलो. ते आणि दोन कोळी उथळ पाण्यात उभे राहून घमेल्यांनी होडीत पाणी ओतत होते. आत मोठाले दगड ठेवले होते. होडी निम्मी पाण्याखाली गेली होती.

"सापडलास!" मी ओरडलो.

"अवो सायेब, फळ्या फुगाया—"

मी ऐकलं नाही. तात्यांना तिथल्या तिथे काढून टाकण्यात आलं. होडी वर ओढून दोन दिवस उन्हात वाळवायला लावली ती मी. जाताना तात्या राणीचं काम करणाऱ्या बाईंना एवढंच म्हणाले, "बाई, भोपळा सोडू नगा. शेल्याखाली बांदा." बाईंनी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी होडी नदीच्या मध्यावर गेली आणि एकदम सगळ्या सांध्यांतून पाणी आत आलं. सात माणसं होती. आम्ही काठावर नुसते ओरडत होतो. तेवढ्यात एक नाव सुटली. कामावरून काढलेला माणूस दोन दिवस समोरच बसून होता. बाई भोपळ्याच्या आधाराने तरंगत होत्या. तात्यांनी एकेकाला ओढून घेतलं, काठाला आणलं, बोट दाखवत मोजलं. "सात चडली, सात उतरली," म्हणाले आणि वाळूत मटकन बसले.

संध्याकाळी मी करकंबच्या एका सुताराला गाठलं. तो म्हणाला, "साहेब, उन्हानं लाकूड आकसतं. पाण्यात बुडवून ठेवली की फळ्या फुगतात, सांधे घट्ट बसतात. कुणी काढली बाहेर?" मी तसाच परत फिरलो.

सकाळी फौजदार चौकशीला आले. होडीत पाणी कसं आलं, असं त्यांनी मला विचारलं. डायरेक्टर शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "या नरसूला मी होडीत पाणी भरताना पाहिलं होतं." वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"खरं का रे?" फौजदारांनी तात्यांना विचारलं.

"व्हय, भरलं हुतं की," तात्या म्हणाले आणि माझ्याकडे पाहू लागले. पुढचं मी सांगेन, अशी त्यांची खात्री होती. साहेब लिहिता-वाचता माणूस, नीट उलगडून सांगेल. मी वहीत बघत राहिलो.

तरीचं काम त्यांच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं गेलं. होडी बुडवणारा हे नाव मात्र त्यांच्याकडेच राहिलं.

तीन वर्षांनी करकंबच्या बाजारात ते भेटले. दुसऱ्याच्या उसाची राखण करत होते. मला ओळखून स्वतःच पुढे आले.

"सायेब, बाई बऱ्या हायत न्हवं?"

"बऱ्या आहेत."

"मग झालं की."

मी तोंड उघडलं, आणि "यंदा ऊस कसा आहे?" असं विचारलं. "बरा हाय," ते म्हणाले. पुढच्या वर्षी मी मुद्दाम गेलो, तेव्हा त्यांना जाऊन दोन महिने झाले होते.

तात्या, तुम्ही ती होडी वाचवत होता. ती पाण्याबाहेर मी काढायला लावली. फौजदारांसमोर उभा राहिलो तेव्हा मला सगळं ठाऊक होतं, आणि तरी मी तुमच्यासाठी तोंड उघडलं नाही. मला क्षमा करा.